गडगा, वई आणि पाखाडी : गावाच्या कडा कशा राखाव्यात?

प्रश्न : आमचे गाव राजापूर तालुक्यात आहे. चार वाड्या, खाली व्हाळ (ओढा) आणि वर सडा, म्हणजे उघडे कातळपठार. गेल्या काही वर्षांत रस्ता रुंद झाला, बाहेरच्या लोकांनी जागा घेतल्या आणि मुंबईला असलेल्या आमच्याच माणसांनीही जुनी घरे पाडून बंगले बांधले. जांभ्याचे गडगे, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय रचलेले दगडी बांध, काढून सात-सात फुटांच्या सिमेंटच्या भिंती आल्या आणि त्यांवर हिरवे पत्रे लागले. एका नव्या भिंतीने खालच्या वाडीतून मळ्यात व पुढे देवळाकडे जाणारी पाखाडीच, म्हणजे पायऱ्यांची पायवाटच, अडली आहे. आता ग्रामसभेपुढे सुशोभीकरणाचा विषय आहे : वेशीवर स्वागत कमान, पाखाडीवर पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या कडेला गुलमोहर आणि शोभेचे पाम, सड्यावर वृक्षारोपण. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. विरोध केला की ‘तुम्हाला गाव मागासलेलेच ठेवायचे आहे’ असे ऐकावे लागते. घरातही दीर म्हणतात की डुकरे आणि माकडे यांच्यापायी भिंत बांधावीच लागेल. गावाचे रूप राखायचे तर नेमके काय धरून ठेवावे आणि काय सोडून द्यावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पाखाडीचा विषय आधी घेतो, कारण त्याला कायद्याची मुदत आहे. शेतात, आगरात किंवा विहिरीवर जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो आणि अडथळा दूर करण्याचा आदेश मिळू शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल झाला पाहिजे. भिंत कधी उभी राहिली ती तारीख आजच लिहून ठेवा आणि फोटो काढून ठेवा. शिवाय ही पाखाडी ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे तेवीस नंबरला, आहे का ते पाहा. तशी नोंद असेल तर सार्वजनिक वाटेवरचे अतिक्रमण म्हणून ग्रामपंचायत स्वतःच कारवाई सुरू करू शकते. नोंद नसेल तर गावातल्या सगळ्या पाखाड्या आणि पाणंदी तेवीस नंबरला घालून घेणे हे सुशोभीकरणाच्या यादीतल्या कोणत्याही कामापेक्षा निकडीचे आहे. पण यातले काहीही करण्यापूर्वी भिंत बांधणाऱ्याच्या घरी जाऊन एकदा शांतपणे बोला. बाहेरून जागा घेणाऱ्याला सातबारा दाखवलेला असतो, मोजणीचा नकाशा दाखवलेला असतो. लोक पिढ्यान्‌पिढ्या इथून जातात हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. भिंतीत पाच फुटांची वाट मोकळी ठेवून प्रश्न मिटत असेल, तर तो तसाच मिटवावा.

आता आपला मूळ प्रश्न. माझे मत असे आहे की घरांबद्दलचा आग्रह सोडावा आणि कडा धरून ठेवाव्यात. कोणी कौले काढून स्लॅब घातला, कोणी पडवी बंद करून खोली काढली, तर ती त्याच्या संसाराची गरज असते. त्यावर ग्रामसभेत वाद घातला तर माणसे दुखावतात आणि हाती काही लागत नाही. पण दोन घरांमधली, घर आणि वाट यांमधली, वाट आणि शेत यांमधली जी कड असते, ती एकट्याची नसते. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते, आणि कोकणातल्या गावातून चालताना आपल्याला गाव म्हणून जे जाणवते ते बहुतांशी या कडांमुळेच : छातीएवढा गडगा, त्यापलीकडे दिसणारे खळे (अंगण) आणि तुळस, गडग्यावरून वाटेवर वाकलेली रातांब्याची (कोकमाची) फांदी, वळणावरचे बेडे, म्हणजे आडव्या बांबूंचे फाटक. घर नवे असले आणि कड जुन्या रीतीची राहिली, तर गाव टिकते. जुने घर हौसेने राखले आणि त्याच्याभोवती सात फुटांची भिंत घातली, तर वाटसरूच्या दृष्टीने ते घर गावातून उठलेच म्हणायचे.

गडग्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘हे जुनाट, कच्चे काम’ असे म्हणून तो काढला जातो आणि त्यामागचे शहाणपण कोणी पाहत नाही. नीट घातलेला गडगा तळाला रुंद आणि वर निमुळता असतो. दोन्ही अंगांना मोठे दगड, पोटात चिपा, आणि अधूनमधून दोन्ही अंगे बांधून ठेवणारा आडवा लांब दगड. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उतारावरच्या गावात हे पाणी गडग्याच्या फटींतून झिरपत खाली उतरते, त्यामुळे त्याच्यामागे दाब साठत नाही. त्याच उतारावर सिमेंटची सलग भिंत घातली की पाणी अडते, मागची माती फुगते आणि काही पावसाळ्यांत भिंत तडकते किंवा कलते. अडलेले पाणी शेजाऱ्याच्या खळ्यात शिरून भावकीत भांडण लागते ते वेगळेच. गडग्याचा दगड ढासळला तर घरातला कोणीही तो उचलून परत बसवू शकतो. श्रावणात याच गडग्याच्या फटींत नेचे आणि तेरडा उगवतो, आत सापसुरळ्या आणि बेडूक राहतात आणि पायथ्याने मुंगूस फिरते. गिलावा केलेल्या भिंतीवर यातले काहीही होत नाही.

आपल्या गावातल्या ज्यांना या कामाचा कमीपणा वाटतो त्यांना हेही सांगावे की चुना-सिमेंटाशिवाय दगड रचण्याची ही विद्या युरोपातल्या आठ देशांनी मिळून २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली आहे. इंग्लंडमध्ये शेताच्या कडेची जुनी झुडपी कुंपणे काढायची असतील तर १९९७ पासून स्थानिक प्राधिकरणाला आधी कळवावे लागते. ज्या देशांची उदाहरणे आपण विकासासाठी देतो, त्यांनीच आपल्या बांधांना हे स्थान दिलेले आहे.

मग उंची किती असावी? रस्त्याच्या आणि पाखाडीच्या अंगाला साडेतीन ते चार फूट पुरेत, असे मी सुचवीन. शहरांचा विचार करून केलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही कुंपणभिंतीची सर्वसाधारण मर्यादा समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर धरलेली आहे, आणि २.४ मीटरपर्यंत जायचे असेल तर वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा उघडा ठेवण्यास सांगितले आहे. खेड्यात सात फुटांची बंद भिंत हवीच असे म्हणणाऱ्यांपुढे हा आकडा ठेवावा. ज्याला गडगा जमत नाही त्याने चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाची, भिंत बांधावी, पण चिरा उघडा ठेवावा. त्यावर गिलावा आणि रंग नको. तिच्या तळाशी पाणी जाण्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर भोके ठेवावीत आणि रस्त्यापासून दोन-तीन फूट आत सरून बांधावे, म्हणजे गटाराला आणि झाडोऱ्याला जागा राहील. चिरा शक्यतो पडलेल्या घरांचा वापरावा. गावात अशा चौथऱ्यांचे ढीग पडून असतात, आणि नव्या चिऱ्यासाठी चिरेखाणी सडाच पोखरत असतात.

दिरांचे म्हणणे मी हलके मानत नाही. डुकरांनी एका रात्रीत नाचणी लोळवलेली ज्याने पाहिली आहे, त्याला सौंदर्याच्या गोष्टी सांगणे बरे नव्हे. पण माकडांना भिंत अडवत नाही. ती फांदीवरून, विजेच्या खांबावरून, भिंतीच्याच माथ्यावरून येतात. डुकराला अडवायला उंची लागत नाही. तळ पक्का लागतो आणि काटा लागतो. अडीच-तीन फुटांचा गडगा आणि त्याच्या माथ्यावर व आतल्या अंगाला करवंद, सागरगोटा, शिकेकाई यांची दाट वई, म्हणजे जिवंत कुंपण, ही जुनी जोडी डुकरांसाठी आजही चांगली आहे. फक्त तिला उभी राहायला चार-पाच वर्षे द्यावी लागतात. तोवर शेताच्या अंगाला जाळी किंवा सौर कुंपण लावावे, आणि तेही प्रमाणित यंत्र बसवूनच लावावे; घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मरतात. रस्त्याच्या अंगाला मात्र जाळीही नको, पत्राही नको. ‘भिंत नसली तर हद्द राहणार नाही’ अशी भीती असेल, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि हद्दीच्या खुणा पक्क्या बसवाव्यात. हद्द मोजणीने ठरते. भिंत कितीही उंच बांधली तरी तिने हक्क वाढत नाही.

वई लावण्याचे काम स्वस्त आहे, पण त्याला वेळ साधावी लागते. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. मे महिन्यात फळे पिकली की बी काढून धुऊन लगेच पिशव्यांत पेरावे. पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर खुंट म्हणून रोवल्या तर त्या फुटतात आणि त्यांना इतर वेली-झुडपांचा आधार करता येतो. निगडी आणि अडुळसा गुरे खात नाहीत, म्हणून वाटेच्या अंगाला ही दोन लावावीत. गिरिपुष्प मूळचे परदेशी आहे, तरीही त्याचा पाला शेताला खत म्हणून उपयोगी पडतो, म्हणून बांधावर ते असायला माझी हरकत नाही. वईत रानमोडी आणि घाणेरी मात्र शिरू देऊ नयेत. दरवर्षी पावसानंतर, बी धरण्याआधी, ती उपटावी लागतात. आणि वईतून आत येण्याची जागा ठेवाल तिथे लोखंडी पत्र्याच्या फाटकाऐवजी बेडे करा. दोन बाजूंना भोके पाडलेले दोन लाकडी खांब आणि त्यांतून सरकवायचे तीन-चार बांबू : गुरे आत येत नाहीत, माणूस दोन बांबू सरकवून जातो, आणि बांबू कुजला तर तेवढाच बदलता येतो. नव्या घराच्या दाराशीही ते शोभून दिसते.

रस्त्याकडेच्या झाडांबद्दल आपल्या ग्रामसभेने घाई करू नये असे मला मनापासून वाटते. गुलमोहर फुलतो तेव्हा सुंदर दिसतो हे खरे आहे, पण तो मादागास्करचा. त्याची मुळे वरवर पसरतात आणि आपल्या पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून रस्त्यावर येतात. नर्सरीवाले हल्ली कोनोकार्पस सुचवतात, कारण तो झपाट्याने हिरवी भिंत करतो. त्याच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. सामाजिक वनीकरणात लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया आपल्याकडे सड्यांच्या कडेने अजून उभा आहे, आणि त्याखाली जमिनीवर काय उगवते ते आपण स्वतः जाऊन पाहावे. याउलट गावात आधीपासून जे उभे आहे ते पाहून निवड केली तर चूक होत नाही. समुद्राच्या बाजूला उंडी, करंज आणि भेंड. वाडीच्या रस्त्याला जांभूळ, सातवीण, किंजळ, ताम्हण. देवळाच्या आवारात बकुळ आणि सुरंगी. विजेच्या तारांखाली उंच वाढणारे काहीही लावू नका. दर मे महिन्यात वायरमन येऊन त्याची शेंडी छाटणार आणि झाड कायमचे विद्रूप होणार. तिथे कुडा, पारिजातक, अनंत, तगर अशी बुटकी जात लावावी. वड-पिंपळ गडग्यापासून आणि विहिरीपासून लांब, मोकळ्या जागी.

रातांबा लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून आलेली बरीच रोपे नर निघतात. ते कळेपर्यंत काही वर्षे गेलेली असतात. फळे हवी असतील तर कलमे घ्यावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात काढलेली आहे. एखाददुसरे नर झाड असू द्यावे.

जी मोठी झाडे उभी आहेत ती वाचवणे हे नव्या लागवडीपेक्षा नेहमीच मोठे काम असते. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, हिरडा, खैर ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि खासगी जागेतलीसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाहीत. रस्त्याचे काम निघाले की ‘सरकारी काम आहे’ असे सांगून हा मुद्दा उडवला जातो. तिथे लेखी परवानगी मागावी.

सड्यावरचे वृक्षारोपण तर थांबवाच. सडा उघडा दिसतो म्हणून तो रिकामा आहे असे समजले जाते, आणि शंभर खड्डे सुरुंगाने फोडून त्यांत रोपे लावून फोटो काढले जातात. जून लागला की याच कातळावर पांढरी दीपकाडी उगवते, जी मुख्यत्वे आपल्या कोकणातच सापडते. मग सीतेची आसवे आणि गेंद यांचे निळे-पांढरे पट्टे पसरतात. कातळावरच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यावर पुढे गावची गुरे जगतात. शिवाय आपल्याच तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे येथे सड्यावर कातळशिल्पे आहेत, आणि कोकणातली ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. आपल्या सड्यावर काय कोरलेले आहे हे पाहण्याआधी तिथे यंत्र चालवणे योग्य होणार नाही. वृक्षारोपणाचा निधी परत जाऊ नये अशी अडचण असेल, तर तीच रोपे व्हाळाच्या काठी आणि देवराईच्या कडेने लावावीत. देवराईच्या आत नकोत. राईला आपली रोपे आपणच उगवता येतात, फक्त तिथे गुरे आणि मंडपासाठीची साफसफाई शिरता कामा नये.

पाखाडीवर पेव्हर ब्लॉक घालण्याची मागणी का येते, तेही समजून घ्या. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ येते, म्हातारी माणसे घसरतात, आणि आजारी माणसाला खाली गाडीपर्यंत न्यायचे तर हाल होतात. ही खरी अडचण आहे आणि तिला उत्तर द्यावेच लागेल. रुग्णवाहिका वाडीपर्यंत आली पाहिजे. त्यासाठी एक रस्ता रुंद करावा लागला तर तो करावा, त्याबद्दल हळहळू नये. पण पाखाडी ही चालण्याची वाट आहे. झिजलेले चिरे उलटून किंवा नव्याने टाचून खडबडीत करावेत, पायऱ्यांची उंची सारखी करावी, एका बाजूने साधा लोखंडी कठडा लावावा, पाण्याची चर मोकळी करावी. पेव्हर ब्लॉक उतारावर सरकतात, त्यांखालची वाळू पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जाते आणि मग पाखाडी पहिल्याहून धोक्याची होते. कमानीबद्दल मी फारसे बोलणार नाही. देणगीदाराचे नाव लागायला हवे असेल तर एसटीच्या थांब्याजवळच्या झाडाला चिऱ्याचा पार बांधून त्यावर नाव कोरावे. लोक तिथे रोज बसतील.

हे सगळे ग्रामसभेत कसे मांडावे? ‘जुने ते राखा’ असे म्हणून उभ्या राहाल तर आपल्याला तेच उत्तर मिळेल जे आजवर मिळाले. माझी सूचना अशी की पालखीपासून सुरुवात करावी. शिमग्यात पालखी कोणत्या वाटेने कोणत्या वाडीत, कोणाच्या खळ्यात जाते, हे गावातल्या प्रत्येकाला पाठ असते आणि त्यावर कोणाचे दुमत नसते. गावचा नकाशा घेऊन मानकऱ्यांना आणि जुन्या माणसांना एकत्र बसवा, आणि पालखीची वाट त्यावर रंगाने काढून घ्या. पाहाल तर गावातल्या बहुतेक महत्त्वाच्या पाखाड्या, पाणंदी आणि खळी तिच्यात येतील. मग ठराव इतकाच मांडा की या वाटेवर कुठेही आठ फुटांपेक्षा कमी मोकळीक राहणार नाही, वाटेच्या दोन्ही अंगांना साडेतीन-चार फुटांपलीकडे बंद भिंत येणार नाही, आणि वाटेवरचे जुने झाड ग्रामसभेला विचारल्याशिवाय तुटणार नाही. जिथे वाट मुळातच अरुंद असेल तिथली रुंदी जशी आहे तशी लिहून घ्या. हाच नकाशा लोक जैवविविधता नोंदवहीत जोडून ठेवता येईल. ती नोंदवही करण्याची जबाबदारी जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे गावच्या समितीवर आहे, आणि बऱ्याच गावांत ती कपाटात कोरी पडलेली असते.

असा ठराव कायद्यासारखा सगळ्यांवर लादता येत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवावे. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या वाटा, शाळा, देवळाचे आवार आणि सरकारी निधीतली कामे यांना तो लावता येतो. खासगी मालकाला विनंतीच करता येते. पण बांधकामाची परवानगी मागायला माणूस ग्रामपंचायतीत येतोच. त्याच वेळी एका पानाचे सूचनापत्र आणि गडगा घालणाऱ्या गावातल्या दोन-तीन गड्यांची नावे त्याच्या हातात दिली, तर पुष्कळजण ऐकतात. नव्या मालकाला बहुधा गावासारखेच काही करायचे असते आणि ते कोण करून देतो हे ठाऊक नसते. ठराव मुंबईकर मंडळी गावात असताना, शिमग्याला किंवा गणपतीत मांडा. त्यांच्या पाठीमागे केलेला ठराव पुढच्या सुट्टीत मोडला जातो.

शेवटी रस्त्याबद्दल एक गोष्ट राहिली. पुढचे रुंदीकरण आज ना उद्या येणारच. त्या कामाला ग्रामपंचायत संमती देईल तेव्हा अशी अट घाला की कडेच्या गडग्यांचा दगड ठेकेदार उचलून नेणार नाही, तो त्याच जागी बाजूला रचून ठेवील आणि रुंदीकरण झाल्यावर नव्या कडेला त्याच दगडाचा गडगा घालून देईल. दगड एकदा डंपरमध्ये पडला की भरावाला जातो आणि परत मिळत नाही. म्हणून ही अट कामाचा आदेश निघण्याआधी ग्रामसभेच्या इतिवृत्तात शब्दशः लिहिलेली असली पाहिजे, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत आपल्याजवळ असली पाहिजे.